कंबोडियाची साक्ष : वंशसंहाराची कारणे, परिणाम आणि जगाची भूमिका

(संस्थेच्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वंशसंहार हा शब्द उच्चारला की आपल्याला हिटलरची जर्मनी आठवते. वर्तमानपत्र नियमित वाचणाऱ्यांना रवांडा आठवेल, बोस्निया आठवेल. मी मात्र आज कंबोडियाबद्दल बोलणार आहे, आणि त्याला कारण आहे. कंबोडिया हा बुद्धाला शरण गेलेला देश. १९७० पूर्वी त्या छोट्याशा देशात तीन हजारांहून अधिक विहार होते आणि साठ हजारांच्या आसपास भिक्खू व श्रामणेर होते. गावातला मुलगा काही दिवस तरी चीवर अंगावर घेऊन विहारात राहायचा. अशा देशात १९७५ ते १९७९ या चार वर्षांहून कमी काळात पंधरा ते वीस लाख माणसे मेली. देशाची लोकसंख्या तेव्हा होती सुमारे ७८ लाख. म्हणजे दर चार-पाच माणसांमागे एक. मारणारे आणि मरणारे, बहुतेक एकाच भाषेचे, एकाच धम्मात वाढलेले. आपण बौद्ध म्हणवून घेतो, तेव्हा हे कसे घडले, हा प्रश्न आपल्याला टाळता येणार नाही.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. इंग्रजीतील 'जेनोसाइड' हा शब्द राफाएल लेमकिन या पोलिश ज्यू कायदेपंडिताने १९४४ मध्ये तयार केला. ग्रीक भाषेतील वंशवाचक शब्द आणि लॅटिनमधील मारण्याचा शब्द त्याने जोडला. एका माणसाचा खून केला तर फाशी आणि लाखो माणसांना राज्यकर्त्याने मारले तर तो त्या देशाचा अंतर्गत मामला, ही विसंगती त्याला सहन होत नव्हती. त्याच्या अथक प्रयत्नांमुळे ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने वंशसंहारविरोधी करार संमत केला. राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक समूह पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याच्या हेतूने केलेली हत्या, त्यांना दिलेली गंभीर शारीरिक वा मानसिक इजा, जगणेच अशक्य होईल अशी लादलेली परिस्थिती, जन्म रोखणे आणि मुले हिरावून दुसऱ्या समूहात नेणे, ही पाच कृत्ये गुन्हा ठरली. असा गुन्हा रोखणे व शासन करणे हे सह्या करणाऱ्या राष्ट्रांचे कर्तव्य ठरले. भारताने १९५९ मध्ये या कराराला मान्यता दिली. मात्र त्यासाठी वेगळा देशांतर्गत कायदा केलेला नाही.

या व्याख्येत एक उणीव आहे, ती लक्षात ठेवा. सुरुवातीच्या मसुद्यात राजकीय समूहांचाही उल्लेख होता. सोव्हिएत युनियनसह अनेक देशांनी विरोध केला आणि तो शब्द गळला. पुढे कंबोडियात ख्मेर माणसानेच ख्मेर माणसाला 'वर्गशत्रू' म्हणून मारले, तेव्हा कायद्याचे हात इथेच अडकले.

आता प्रत्यक्ष घटनेकडे वळू. १७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेच्या सैन्याने राजधानी नॉम पेन्ह जिंकली. यादवी युद्ध संपले म्हणून लोकांनी रस्त्यावर येऊन स्वागत केले. काही तासांतच हुकूम सुटला, शहर रिकामे करा. युद्धाच्या निर्वासितांमुळे शहरात वीस लाखांच्या आसपास माणसे होती. रुग्णालयातले रुग्णसुद्धा खाटांसह रस्त्यावर ढकलले गेले. चलन रद्द झाले, बाजार बंद, शाळा बंद, टपाल बंद. सगळ्यांनी शेतावर राबायचे, सामूहिक भोजनगृहात जेवायचे आणि 'आंग्कार' म्हणजे 'संघटना' सांगेल ते करायचे. आंग्कारचा प्रमुख होता पोल पॉट. मूळ नाव सलॉथ सार. सरकारी शिष्यवृत्तीवर तो पॅरिसला शिकायला गेला होता आणि परीक्षेत नापास होऊन परत आला होता. लहानपणी तो नॉम पेन्हच्या एका विहारात श्रामणेर म्हणूनही राहिला होता, हेही नोंदवून ठेवले पाहिजे.

एवढा मोठा संहार एकाएकी होत नाही. त्याची पार्श्वभूमी तीन गोष्टींनी तयार झाली.

पहिली गोष्ट युद्ध. १९५३ मध्ये फ्रेंचांच्या ताब्यातून सुटलेला हा देश शेजारच्या व्हिएतनामच्या युद्धात ओढला गेला. १९६९ ते १९७३ या काळात अमेरिकी विमानांनी कंबोडियाच्या खेड्यांवर लाखो टन बॉम्ब टाकले. १९७० मध्ये लॉन नॉल या सेनानीने राजपुत्र सिहानूक यांची सत्ता उलथवली आणि यादवी पेटली. घर जळालेला, बाप मेलेला कोवळा मुलगा ख्मेर रूजच्या हाती आयता सापडला. बॉम्बमुळे वंशसंहार झाला असे म्हणणे सोपे आहे, पण ते अर्धेच खरे. बॉम्बने संताप निर्माण केला. त्या संतापाला दिशा दिली ती माणसांनी.

दुसरी गोष्ट विचारसरणी. खेड्यातील दारिद्र्य, सावकारी, शहरातील भ्रष्टाचार, हे सारे खरे होते. पण त्यावर ख्मेर रूजने काढलेला उपाय असा की, जुना समाज मुळासकट उपटला की समता आपोआप उगवेल. हेक्टरी तीन टन भात काढायचे, असा आकडा वरून ठरला. तेवढे पिकत नव्हते. कमी पिकले असे सांगणारा शत्रू ठरत असे, म्हणून खालच्या अधिकाऱ्यांनी खोटे आकडे कळवले आणि त्या खोट्या आकड्यांप्रमाणे खरे भात गाड्या भरून वर गेले. पिकवणाऱ्याच्या वाट्याला पातळ पेज आली. उपासमारीने आणि आजाराने मेलेल्यांची संख्या प्रत्यक्ष मारलेल्यांइतकीच भयंकर आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि आजच्या व्याख्यानाचा गाभा तीच आहे. ती म्हणजे माणसांची वर्गवारी. शहरातून आलेले 'नवे लोक' आणि खेड्यातले 'मूळ लोक' असे दोन भाग पाडले गेले. रेशन वेगळे, काम वेगळे, हक्क वेगळे. प्रत्येकाकडून जीवनवृत्तांत लिहून घेतला गेला. बाप काय करीत होता, शाळेत किती शिकलास, नात्यात कोणी सैनिक होता काय? त्या कागदावरून माणसाचे भवितव्य ठरे. पुढे भिक्खूंना समाजाच्या रक्तावर जगणारे जळू म्हटले गेले. व्हिएतनामी वंशाच्या लोकांना आधी लाखांनी हाकलले आणि मागे उरलेल्यांना जवळजवळ सर्वांना ठार केले. चाम मुस्लिमांची भाषा, पोषाख, प्रार्थना बंद केली आणि प्रतिकार करणाऱ्या गावांचा नाश केला. १९७८ मध्ये तर पूर्वेकडील प्रांतांतल्या ख्मेर लोकांनाच 'अंगाने ख्मेर पण मनाने व्हिएतनामी' असा शिक्का मारला. त्यांना निळे पंचे वाटले, दुसऱ्या प्रांतांत नेले, आणि त्या पंच्यावरून ओळखून मारले. एकदा शिक्का मारण्याचे यंत्र चालू झाले की ते कोणत्या माणसापाशी थांबेल हे चालवणाऱ्यालाही ठाऊक नसते. ख्मेर रूजचे स्वतःचे हजारो कार्यकर्ते त्याच यंत्रात गेले.

नॉम पेन्हमधील तुओल स्लेंग ही एक माध्यमिक शाळा होती. तिचे 'एस-२१' नावाचे कारागृह झाले. वर्गांत विटांच्या कोठड्या बांधल्या. बारा ते अठरा हजार माणसे तिथे आणली गेली असावीत. वाचली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्या कारागृहाचा प्रमुख दुइक हा पूर्वाश्रमीचा गणिताचा शिक्षक होता. आलेल्या प्रत्येकाचे छायाचित्र, प्रत्येकाचा कबुलीजबाब, प्रत्येकाची नोंद त्याने चोख ठेवली. विद्यार्थी मित्रांनो, शिक्षण माणसाला आपोआप माणुसकी देते, असा आपला समज असेल तर या गणितशिक्षकाची आठवण ठेवा. बाबासाहेबांनी शिक्षणाला शीलाची जोड का मागितली, हे इथे कळते.

आणि धम्माचे काय झाले? भिक्खूंची चीवरे जबरदस्तीने उतरवली, अनेकांना मारले, उरलेल्यांना कालव्याच्या खोदकामावर धाडले. विहारांची धान्यकोठारे झाली, काहींचे तुरुंग झाले. बुद्धमूर्ती फोडल्या गेल्या. १९७९ साली सप्टेंबरमध्ये सात भिक्खूंना पुन्हा उपसंपदा देऊन संघाची नव्याने सुरुवात करावी लागली. साठ हजारांच्या जागी सात!

इथे मला बाबासाहेबांच्या काठमांडू येथील भाषणाचा उल्लेख करावासा वाटतो. नोव्हेंबर १९५६ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेत ते बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर बोलले. महापरिनिर्वाणाला तेव्हा जेमतेम पंधरवडा उरला होता. शोषण व दुःख संपवण्याचे ध्येय दोघांचेही आहे, पण साधने वेगळी आहेत, हे त्यांनी स्पष्ट केले. बळाने आणलेली व्यवस्था बळ असेपर्यंतच टिकते. मन बदलून आणलेली व्यवस्था माणूस स्वतः सांभाळतो, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. आशियातील बौद्ध देशांच्या तरुणांपुढे त्यांनी ही गोष्ट ठेवली. त्यानंतर एकोणीस वर्षांनी कंबोडियात काय झाले ते आपण पाहिले. समतेचे नाव घेऊन जेव्हा कोणी माणूस पुसायला निघतो तेव्हा तो समतेचा मित्र नसतो. हे भाषण प्रत्येक विद्यार्थ्याने मुळातून वाचावे.

आता जगाची भूमिका पाहू. जगाला माहीत नव्हते काय? होते. १९७५ पासूनच थायलंडच्या सीमेवर निर्वासित येऊन सांगत होते. फ्रांस्वा पाँशो या फ्रेंच धर्मगुरूने निर्वासितांच्या साक्षी जमवून १९७७ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. तेव्हा पाश्चात्त्य देशांतील काही विद्वानांनी या साक्षींवरच शंका घेतली. १९७८ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी ही राजवट मानवी हक्कांची जगातील सर्वांत मोठी गुन्हेगार आहे, असे जाहीर केले. काही राष्ट्रांनी संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क आयोगाकडे अहवाल पाठवले. कागद हलले, पण एकही प्राण वाचला नाही.

संहार थांबला तो व्हिएतनामच्या सैन्यामुळे. ख्मेर रूजने सीमा ओलांडून व्हिएतनामी गावांत कत्तली केल्या होत्या. डिसेंबर १९७८ च्या अखेरीस व्हिएतनामने चढाई केली आणि ७ जानेवारी १९७९ रोजी नॉम पेन्ह घेतले. व्हिएतनाम काही केवळ करुणेपोटी आला नव्हता. त्याचा स्वतःचा स्वार्थ होता आणि त्याचे सैन्य पुढे दहा वर्षे तिथे राहिले. पण त्यानंतर जगाने जे केले ते वाचून मन सुन्न होते. चीन पोल पॉटच्या बाजूने होता. अमेरिका व तिच्या मित्रराष्ट्रांना व्हिएतनाम आणि सोव्हिएत युनियनला धडा शिकवायचा होता. परिणामी संयुक्त राष्ट्रसंघात कंबोडियाच्या खुर्चीवर संहार करणाऱ्या राजवटीचाच प्रतिनिधी बसत राहिला. १९८२ मध्ये सिहानूक यांच्यासह आघाडी करून नाव बदलले, पण ख्मेर रूज आघाडीत होतेच. उद्ध्वस्त देशाला मिळणारी विकासमदत मात्र अडवली गेली. ज्यांनी मारले त्यांना खुर्ची आणि जे वाचले त्यांना उपास, असा हा न्याय!

भारताने या बाबतीत वेगळी वाट धरली. जुलै १९८० मध्ये भारताने नॉम पेन्हच्या नव्या सरकारला मान्यता दिली. १९८६ ते १९९३ या काळात भारतीय पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी अंगकोर वाटच्या जतनाचे काम केले. ऑक्टोबर १९९१ मध्ये पॅरिस करार झाला आणि १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली निवडणुका झाल्या. त्या शांतिसेनेत भारतीय जवानही होते.

परिणाम मोजायचे तर आकडे अपुरे पडतात. संशोधकांनी सुमारे वीस हजार सामूहिक दफनखड्डे आणि १९० हून अधिक तुरुंग शोधून काढले. डॉक्टर, शिक्षक, न्यायाधीश मोजकेच उरले. म्हणजे जखमींना पट्टी बांधणारा नाही, मुलांना अक्षर शिकवणारा नाही, खटला चालवणारा नाही. सीमेवरच्या छावण्यांतून साडेतीन लाखांहून अधिक माणसे १९९२-९३ मध्ये परतली, तर शेतात भूसुरुंग पेरलेले. मारणारा आणि ज्याचे घर मारले तो, दोघे एकाच गावात शेजारी राहू लागले. मुलांनी विचारले तर आईबाप गप्प. हे मौनही वंशसंहाराचाच परिणाम आहे.

न्याय फार उशिरा आला. १९७९ मध्ये नॉम पेन्हला पोल पॉटच्या गैरहजेरीत खटला झाला, त्याला जगाने किंमत दिली नाही. पोल पॉट १९९८ मध्ये अंथरुणात मेला. कंबोडिया सरकार आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांचे संयुक्त न्यायालय २००६ मध्ये सुरू झाले. दुइकला २०१० मध्ये शिक्षा झाली, ती २०१२ मध्ये अपिलात जन्मठेपेची झाली. नुऑन चेआ आणि खिऊ सांफान या दोन ज्येष्ठ नेत्यांना २०१४ मध्ये मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी जन्मठेप झाली, आणि २०१८ मध्ये व्हिएतनामी लोकांच्या वंशसंहाराबद्दल दोघांना, चाम लोकांच्या वंशसंहाराबद्दल नुऑन चेआला दोषी ठरवले. बौद्धांचा धार्मिक छळ झाला हेही न्यायालयाने मानले. २०२२ मध्ये शेवटचे अपील निकालात निघाले. इतक्या वर्षांत शिक्षा झाली ती तीन माणसांना. तरीही हे व्यर्थ गेले असे मी म्हणणार नाही. ३,८०० हून अधिक पीडितांना एका मोठ्या खटल्यात पक्षकार म्हणून स्थान मिळाले. तुओल स्लेंगची कागदपत्रे जपली गेली, आणि २०२५ मध्ये ती जागा इतर दोन स्मृतिस्थळांसह जागतिक वारसा यादीत आली. असे घडलेच नाही, असे म्हणण्याची सोय आता कोणाला उरलेली नाही.

जग कंबोडियापासून शिकले काय? रवांडात बेल्जियन राज्यकर्त्यांनी १९३० नंतरच्या दशकात ओळखपत्रावर हुतू की तुत्सी हे लिहिण्याची पद्धत पाडली होती. ती तशीच चालू राहिली. १९९४ मध्ये नभोवाणीवरून तुत्सींना झुरळे म्हटले गेले आणि रस्तोरस्ती ती ओळखपत्रे पाहून माणसे कापली गेली. शंभर दिवसांत सुमारे आठ लाख. संहार चालू असताना २१ एप्रिल १९९४ रोजी सुरक्षा समितीने तेथील शांतिसेना अडीच हजारांवरून २७० पर्यंत कमी करण्याचा ठराव केला. 'वंशसंहार' म्हटले तर कराराप्रमाणे काही करावे लागेल, म्हणून मोठी राष्ट्रे तो शब्दच टाळत राहिली. नंतर २००५ मध्ये सर्व राष्ट्रांनी संरक्षणाची जबाबदारी तत्त्व म्हणून मान्य केली. पण तत्त्व मान्य करणे वेगळे आणि आपल्या मित्रराष्ट्राला जाब विचारणे वेगळे.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या घरातली आहे, म्हणून बोललीच पाहिजे. म्यानमार हाही बौद्ध देश. १९८२ च्या कायद्याने रोहिंग्या लोक नागरिकत्वाबाहेर पडले. २०१७ मध्ये लष्करी कारवाईमुळे सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले. गांबियाने २०१९ मध्ये म्यानमारविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात वंशसंहाराचा दावा लावला आणि जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने रोहिंग्यांच्या रक्षणाचे अंतरिम आदेश दिले. त्या देशात चीवर घातलेल्या काही जणांनी मुस्लिमांविरुद्ध द्वेषाची भाषणे केली. आणि त्याच देशात २०१३ च्या मेइक्तिला दंगलीत एका विहाराने शेकडो मुस्लिमांना आसरा दिला. चीवर दोन्हीकडे तेच होते. तेव्हा धम्म चीवरात नसतो, ध्वजात नसतो, आपण शेजाऱ्याला काय मानतो त्यात असतो. पोल पॉटही विहारात राहिलेलाच होता.

शेवटी एका भिक्खूचे स्मरण करतो. महाघोसानंद यांनी बिहारमधील नालंदा येथे बौद्ध विद्येचे शिक्षण घेतले होते. संहाराच्या काळात ते थायलंडमध्ये होते, म्हणून वाचले. त्यांचे कुटुंबीय वाचले नाहीत. निर्वासितांच्या छावण्यांत जाऊन त्यांनी मेत्तसुत्ताच्या प्रती वाटल्या. ख्मेर रूजच्या धमक्या असतानाही हजारो लोक त्यांच्याभोवती जमले. वैराविषयीची धम्मपदातील गाथा त्यांनी म्हणायला सुरुवात केली आणि लोक रडत रडत त्यांच्या सुरात सूर मिसळू लागले. ती गाथा आपणां सर्वांना पाठ आहे. १९९२ मध्ये त्यांनी थायलंडच्या सीमेपासून नॉम पेन्हपर्यंत परतणाऱ्या निर्वासितांसह धम्मयात्रा काढली. १९९४ च्या यात्रेत दोन सैन्यांच्या गोळीबारात सापडून एक भिक्खू आणि एक शीलधारी उपासिका मृत्युमुखी पडली. तरी यात्रा थांबल्या नाहीत. पण महाघोसानंदांची मैत्री म्हणजे विसरणे नव्हे. मैत्री सत्य बोलते, नोंद ठेवते आणि मारलेल्यांची नावे घेते.

मित्रहो, आपण न्यूयॉर्कच्या सुरक्षा समितीत बसत नाही. पण वंशसंहाराची पहिली पायरी तिथे नसतेच. ती वर्गात असते, चहाच्या टपरीवर असते, आता तर प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर असते. एखाद्या जमातीला किडे, उपरे, देशाला लागलेली कीड असे म्हटले जाते, ऐकणारे हसतात, आणि कोणीच हरकत घेत नाही, तेव्हा ती पायरी चढून झालेली असते. जन्मावरून माणसाचे मोल ठरवण्याचे दुःख या सभागृहातल्या प्रत्येक घराने पिढ्यान्‌पिढ्या सोसले आहे. म्हणून ती पायरी ओळखण्याची नजर आपल्याजवळ इतरांपेक्षा जास्त असली पाहिजे. मग शिक्का मारला जाणारा माणूस कोणत्याही धर्माचा असो, आणि शिक्का मारणारा आपला का असेना.

विद्यार्थ्यांना माझी एवढीच विनंती आहे. त्या वेळी गप्प बसू नका. 

नमो बुद्धाय! जय भीम!